भिंतीवरचा दिवा

घराच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीला भोक पाडून सुरक्षेसाठी दिवा बसवणे हे आज अर्ध्या तासाचे काम आहे. त्याला काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आपण साहित्याचे वाचक तर अंधार आणि प्रकाश या जोडीला प्रतिमा म्हणून इतके सरावलो आहोत की, प्रत्यक्षातला दिवा कोणी टांगला, कुठे टांगला आणि त्याचे तेल कोणाच्या पैशाने जळले, हे प्रश्न आपल्या वाचनात क्वचितच शिरतात. आम्हांला ते महत्त्वाचे वाटतात. दिवा माणसाच्या हातातून भिंतीवर गेला तेव्हा कोण कोणाला पाहणार, याचा सगळा हिशेबच बदलला.

सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील बहुतेक शहरांत रात्री बाहेर पडणाऱ्याने आपला उजेड आपणच न्यायचा असे. वाट दिसण्यासाठी तो जितका हवा, तितकाच ओळख पटण्यासाठीही हवा. हाती कंदील नसलेला माणूस गस्तवाल्यांच्या लेखी संशयित ठरे. काही घरांनी दारावर कंदील लावावा, असे हुकूमही वेळोवेळी निघत. पण मेणबत्ती घरमालकाची आणि फायदा वाटसराचा, असा हा व्यवहार असल्याने ते हुकूम फारसे पाळले जात नसत.

हा पेच सुटला तो आम्स्टरडॅममध्ये, आणि तो सोडवणारा गृहस्थ चित्रकार होता, ही गोष्ट आम्हांला विशेष बोलकी वाटते. यान फान डेर हायडन (१६३७–१७१२) याची नगरचित्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना त्याच्या भिंती आठवतील. कालव्याकाठच्या घरांची एकेक वीट त्याने रंगवली आहे. विटांमधल्या चुन्याच्या दर्जा, कुठे उडालेला कोपरा, कुठे ओलीने काळवंडलेला थर, सारे काही त्या चित्रांत आहे. कुंचल्याने हे इतके बारीक कसे साधले असेल, याचे कोडे अभ्यासकांना दीर्घकाळ पडले होते. विटांची जाळी छापाच्या तंत्राने ओल्या रंगावर उतरवली असावी, असे अलीकडच्या काही संशोधकांचे मत आहे. ते खरे असेल तर या माणसाच्या स्वभावाशी जुळणारेच आहे, कारण तो जितका चित्रकार तितकाच यंत्रज्ञ होता. आगीचा बंब आणि त्याला जोडायची चामडी नळी यांत त्याने व त्याच्या भावाने केलेल्या सुधारणा प्रसिद्ध आहेत, आणि त्या विषयावरचे त्याचे सचित्र पुस्तक १६९० मध्ये निघाले.

रात्री कालव्यात पडून माणसे बुडत आणि अंधाराच्या आडोशाने चोऱ्या होत, या दोन्ही तक्रारी त्या शहरात जुन्या होत्या. १६६८ मध्ये फान डेर हायडनने नगरसभेपुढे दिव्यांची योजना मांडली. १६६९ मध्ये ती मंजूर झाली आणि तिची देखरेख त्याच्याकडेच सोपवण्यात आली. त्याचा कंदील पत्र्याचा आणि काचेचा होता. आत हवा खेळावी, धूर बाहेर पडावा, तरी वाऱ्याने ज्योत विझू नये आणि काचेवर काजळी धरू नये, एवढ्या परस्परविरोधी अटी त्याने त्या लहानशा पेटीत सांभाळल्या. मेणबत्तीऐवजी त्याने तेल वापरले. दोन दिव्यांमधले अंतर सुमारे १२५ ते १५० फूट धरले आणि पहिल्या टप्प्यात सुमारे १८०० दिवे लागले. पुढे ही संख्या अडीच हजारांवर गेली. मुख्य म्हणजे तेल, वात आणि दिवे लावणाऱ्यांचा पगार हे सारे शहराच्या अंगावर आले. घरमालकाच्या मर्जीचा प्रश्न उरला नाही.

उजेड भिंतीवर कसा पडतो, किती अंतरावर विरतो आणि किती अंतरावर विटांच्या दर्जा दिसेनाशा होतात, हे ज्याने वर्षानुवर्षे न्याहाळले, त्यालाच दोन दिव्यांमधले अंतर ठरवता आले, असा आमचा तर्क आहे. तो पुराव्याने सिद्ध करता येणार नाही. पण कलेचा इतिहास एका कप्प्यात आणि नगरपालिकेचा दुसऱ्या, अशी जी वाटणी आपण शिकतो आणि शिकवतो, ती या माणसाच्या बाबतीत टिकत नाही एवढे खरे. (जाता जाता: ज्या डच चित्राला आपण ‘नाइट वॉच’ म्हणतो, ते रेम्ब्रांटचे १६४२ चे चित्र रात्रीचे नाहीच. वॉर्निशचा थर काळवंडल्यामुळे पुढच्या काळात त्याला ते नाव चिकटले.)

आम्स्टरडॅमचा हा नमुना इतर शहरांनीही उचलला; लायपझिगने १७०१ मध्ये याच धर्तीचे सातशे दिवे लावले. पॅरिसमध्ये मात्र दिव्यांनी वेगळे वळण घेतले. तिथे १६६७ पासून रस्त्यावर दोरीने टांगलेले कंदील आले ते ला रेनी या पोलीसप्रमुखाच्या अधिकारात, आणि लोकांनीही ते पोलिसांचेच मानले. कंदील फोडणे हा मोठा गुन्हा होता, तरी तो वारंवार होत असे. १७८९ च्या जुलैमध्ये प्लास द ग्रेव्ह या चौकात, घराच्या भिंतीतून पुढे आलेल्या दिव्याच्या लोखंडी दांडीला फूलाँ या अधिकाऱ्याला जमावाने फाशी दिले. ज्या दांडीवरून राज्यसत्ता लोकांवर नजर ठेवत होती, तीच दांडी जमावाने वधस्तंभ म्हणून वापरली. त्याच वर्षी कामीय देमुलाँने एक पत्रक लिहिले. त्यात बोलतो तो प्रत्यक्ष कंदील. पॅरिसकरांना उद्देशून भाषण करतो. निर्जीव वस्तूला निवेदक करण्याची उदाहरणे वर्गात देताना हे पत्रक आपण सहसा विसरतो. त्यातला विनोद काळा आहे आणि तो वाचताना अस्वस्थ व्हायला होते, म्हणूनच ते विसरू नये.

अटलांटिकपलीकडे, पूर्वी न्यू आम्स्टरडॅम म्हणवणाऱ्या आणि १६६४ पासून इंग्रजांच्या ताब्यात गेलेल्या न्यूयॉर्कमध्ये उजेडाची सक्ती सर्वांत उघडपणे दिसते. १७१३ च्या कायद्याने चौदा वर्षांवरील कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकी गुलामांना, सोबत गोरा माणूस नसेल तर, सूर्यास्तानंतर पेटता कंदील हाती धरल्याशिवाय शहरात फिरण्यास बंदी झाली. गोऱ्यांवर ही सक्ती नव्हती. इथे कंदील वाट दाखवत नाही. तो धरणाऱ्यालाच दाखवतो. सिमोन ब्राउन यांनी २०१५ च्या ‘डार्क मॅटर्स’ या ग्रंथात आजच्या पाळत-व्यवस्थेची मुळे या कायद्यात शोधली आहेत. त्याच न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सार्वजनिक वसाहतींत प्रखर दिव्यांचे मनोरे उभारून एक प्रयोग झाला आणि रात्रीचे उघड्यावरचे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

आता पुन्हा विटेकडे. दिवा भिंतीवर लावायचा म्हणजे विटेने तो धरला पाहिजे, आणि वीट ठिसूळ. आपल्या जुन्या वाड्यांत हा प्रश्नच नव्हता, कारण भिंत रचतानाच कोनाडा ठेवलेला असे आणि पणती त्यात बसे. तयार भिंतीवर नंतर काही टांगायचे तर छिन्नीने भोक पाडून, लाकडाची गिट्टी ठोकून तिच्यात स्क्रू पिळावा लागे. भोवतालचा गिलावा ढासळे. १९११ च्या सुमारास जॉन रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदाराला ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींवर विजेचे साहित्य बसवायचे काम मिळाले, आणि भिंतीची नासाडी टाळायची होती. त्याने तागाच्या धाग्याची, चिकट्याने घट्ट केलेली गिट्टी काढली. स्क्रू आत शिरला की ती फुगते आणि भोकाच्या कडांना आवळून बसते. आज बाजारात मिळणारी प्लास्टिकची गिट्टी तिचीच वंशज. पुराणवस्तूंच्या घराला इजा होऊ नये म्हणून निघालेली ही युक्ती आज जगभर घराघरांच्या भिंतींत बसली आहे.

तिच्यावर जो दिवा चढतो तो आता सदोदित जळत नाही. शरीराच्या उष्णतेतून निघणारे अवरक्त किरण पुढ्यातून सरकले की त्यातला संवेदक जागा होतो. तो माणसात आणि मांजरात फरक करत नाही, शेजाऱ्यात आणि चोरात तर नाहीच. फान डेर हायडनचा दिवा रात्रभर सर्वांसाठी सारखाच जळे. हा कोणी आल्यावरच पेटतो, आणि जो येतो त्याच्यावरच पेटतो. पहाटे वर्तमानपत्र टाकणारा मुलगा फाटकाशी पोचतो, तोच दिवा त्याच्या तोंडावर येतो. तो डोळे मिटून घेतो, पेपर आत सारतो, वळतो. मिनिटभराने दिवा विझतो तेव्हा, उजेडाने दिपलेल्या त्याच्या डोळ्यांपुढची गल्ली आधी होती त्याहून काळी झालेली असते.