फायर सेफ्टीची पदवी : फी भरण्याआधी नोकरी कोणती हवी ते ठरवा

पनवेल : बारावीचा निकाल लागला की आपल्या भागात ‘फायर अँड सेफ्टी’च्या जाहिराती सुरू होतात. तळोजा, पाताळगंगा, रसायनीचे कारखाने, उरणचे बंदर, ओएनजीसीचा प्रकल्प आणि आता नवी मुंबई विमानतळ. काम आहे, हे खोटे नाही. पण कोणत्या कामाला कोणता कागद चालतो, हे न विचारता बरेच पालक फी भरून मोकळे होतात. काही घरांत त्यासाठी गुंठा-दोन गुंठे जमीनही जाते. म्हणून आधी हिशेब समजून घ्या.

फायरमन व्हायचे असेल तर

महापालिका, नगरपालिकेत अग्निशामक पदासाठी पदवी लागत नाही. दहावी पास आणि राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स, ही साधारण अट असते. हे केंद्र मुंबईत सांताक्रूझजवळ कलिना भागात आहे. पुरुष उमेदवाराला उंची 165 सेंमी, वजन 50 किलो, छाती 81 आणि फुगवून 86 सेंमी लागते. उंची कमी असेल तर कितीही लाखांची पदवी इथे उपयोगाची नाही.

सीआयएसएफच्या कॉन्स्टेबल फायर भरतीला बारावी सायन्स पुरते. वय 18 ते 23, उंची 170 सेंमी, पगारश्रेणी 21,700 ते 69,100. विमानतळ प्राधिकरणाच्या फायर भरतीत बारावीवाल्यांनाही अर्ज करता येतो, पण ड्रायव्हिंग लायसन्स लागते, जड वाहनाचे असेल तर उत्तम. म्हणजे या वाटेला पदवीपेक्षा धावण्याचा सराव आणि लायसन्स जास्त कामाचे.

कंपनीत सेफ्टी ऑफिसर

इथे बहुतेकांची फसगत होते. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होण्यासाठी नुसता फायरचा डिप्लोमा पुरत नाही. आधी इंजिनीअरिंगची पदवी-पदविका किंवा बीएस्सी, कामाचा अनुभव आणि त्यावर औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका, असा क्रम आहे. आपल्याकडे ‘ॲडव्हान्स डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी’ हा राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा कोर्स त्यासाठी चालतो. मेकॅनिकल किंवा केमिकलचा डिप्लोमा करून पुढे हा कोर्स केला, तर दोन दारे उघडी राहतात.

मग पदवी कोणाला?

ज्याला अधिकारी व्हायचे आहे, स्प्रिंकलर-हायड्रंटचे डिझाईन करायचे आहे किंवा इमारतींचे फायर ऑडिट करायचे आहे, त्याला. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1956 पासूनचे, केंद्रीय गृह खात्याचे. तिथे फायर इंजिनीअरिंगची पदवी मिळते. महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार आगीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यावे लागते. टॉवर वाढले तसे हे कामही वाढले.

खर्चाचे गणित

समजा पाच लाखांचे कर्ज घेतले, व्याज 10 टक्के, फेड सात वर्षांत. हप्ता महिन्याला सुमारे 8,300 रुपये येतो. शिकत असतानाचे व्याज वेगळे. सुरुवातीचा पगार पंधरा-सोळा हजार असेल तर निम्मा हप्त्यातच गेला. त्यात चार वर्षांचे होस्टेल आणि मेस धरा.

दुसरी गोष्ट फी सवलतीची. शासनाची फी प्रतिपूर्ती मान्यताप्राप्त कोर्सला आणि सरकारी प्रवेश फेरीतून आलेल्यालाच मिळते. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची पूर्ण शिक्षण फी माफ आहे. खासगी क्लासच्या ‘डिप्लोमा’ला यातले काही नाही.

फी भरण्याआधी हे विचारा

• पदवी कोणत्या विद्यापीठाची? यूजीसीच्या यादीत ते नाव आहे का? पदवी फक्त विद्यापीठच देऊ शकते.
• मागच्या भरतीची जाहिरात काढा. त्यातल्या पात्रतेत हा कोर्स लिहिला आहे का?
• सरावाचे मैदान, पाण्याचा बंब, श्वसनयंत्र आहे का? की दोन खोल्या आणि प्रोजेक्टर?
• नोकरी लागलेल्या मुलांशी स्वतः बोला. भिंतीवरचे फोटो पाहून ठरवू नका.
• फी एकरकमी भरू नका. पावती आणि परतीचा नियम लेखी घ्या.

सरावाचे विचारायचे कारण आहे. 3 सप्टेंबर 2019 ला उरणच्या ओएनजीसी प्रकल्पातील आगीत चार जणांचा जीव गेला, त्यात सीआयएसएफच्या अग्निशमन दलाचे तीन जवान होते. हे काम असे आहे. मुलाला हातात पाईप न धरताच सर्टिफिकेट मिळत असेल, तर ते पैशालाही महाग आणि जिवालाही.

आधी नोकरी ठरवा, मग तिला लागणारा कोर्स, मग फी. क्रम उलटा झाला की जमीन जाते आणि कागद कपाटात राहतो.