लिनक्सवर अँटिव्हायरस कसा टाकायचा? क्लॅमएव्हीची सोपी माहिती

जुना लॅपटॉप विंडोजवर रडत-रडत चालतो, म्हणून त्यावर उबुंटू टाकलं. लॅपटॉप पळायला लागला. मग कोणीतरी म्हणालं, "लिनक्सला व्हायरस लागतच नाही." हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं आज बघू.

लिनक्सला अँटिव्हायरस कशाला?

समजा, नांदूरघाटमध्ये तुमचं ऑनलाइन फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर पेन ड्राइव्ह येतात. कोणाचा सातबारा, कोणाची मार्कशीट, कोणाचा पीक विम्याचा अर्ज. त्यातल्या एखाद्यात शॉर्टकट व्हायरस असतो. तो विंडोजसाठी बनवलेला असल्यामुळे तुमच्या उबुंटूचं सहसा काही बिघडत नाही. पण तोच पेन ड्राइव्ह पुढे केजच्या कॉलेजात किंवा बीडच्या ऑफिसात विंडोजला लागला, की तिथे गोंधळ सुरू. म्हणजे तुमचं मशीन ठणठणीत, पण आजार पुढे जातोच.

शिवाय लिनक्सवरचे व्हायरस असतातच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने लिनक्सवर चालणारे कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते. कारण साधं होतं: कंपनीने दिलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता.

क्लॅमएव्ही म्हणजे काय?

हा मोफत आणि ओपन सोर्स अँटिव्हायरस आहे. २००२ पासून उपलब्ध आहे आणि आज सिस्को कंपनीची टॅलोस टीम तो सांभाळते. मेल सर्व्हरवर येणाऱ्या फाइल्स तपासायला तो खूप वापरला जातो.

इन्स्टॉल कसा करायचा?

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा.

१. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबा. टर्मिनल उघडेल.

२. आधी यादी ताजी करा: सुडो ॲप्ट अपडेट. पासवर्ड टाकताना स्क्रीनवर कदाचित काहीच दिसणार नाही. घाबरू नका, टाइप करून एंटर दाबा.

३. आता सुडो ॲप्ट इन्स्टॉल क्लॅमएव्ही. शेवटच्या शब्दाचं स्पेलिंग सी-एल-ए-एम-ए-व्ही, मध्ये स्पेस नाही.

व्हायरसची यादी अपडेट करा

अँटिव्हायरस ओळखीच्या व्हायरसच्या यादीवर चालतो. यादी जुनी असेल तर त्याचा उपयोग कमी. हे काम फ्रेशक्लॅम नावाचा प्रोग्राम मागे बसून आपोआप करतो. पहिल्यांदा शे-दोनशे एमबी डेटा लागू शकतो, म्हणून मोबाइल हॉटस्पॉट असेल तर आधी उरलेला डेटा बघा. नंतर फक्त फरक उतरतो.

तुम्ही सुडो फ्रेशक्लॅम चालवलं आणि लॉग फाइल लॉक असल्याचा मेसेज आला, तर काही बिघडलेलं नाही. आपोआप चालणारा फ्रेशक्लॅम आधीच कामावर आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पेन ड्राइव्ह कसा तपासायचा?

फाइल्स ॲपमध्ये पेन ड्राइव्ह उघडा, रिकाम्या जागी राइट क्लिक करा आणि ओपन इन टर्मिनल निवडा. मग क्लॅमस्कॅन, स्पेस, वजा आर, स्पेस, वजा आय असं टाइप करून एंटर दाबा. 'आर'मुळे आतले सगळे फोल्डर तपासले जातात, 'आय'मुळे फक्त संशयित फाइल्सची नावं दिसतात. सुरुवातीला थोडा वेळ शांतता असते, कारण यादी मेमरीत भरली जात असते.

शेवटी 'इन्फेक्टेड फाइल्स' या ओळीपुढे शून्य असेल तर यादीतलं काही सापडलं नाही. नाव आलंच, तर लगेच डिलीट करू नका. कधीकधी चांगल्या फाइलवरही संशय येतो. ज्याचा पेन ड्राइव्ह आहे त्याला दाखवा, कामाच्या फाइल्स वेगळ्या काढा आणि मग नको ती फाइल उडवा. स्कॅन करतानाच आपोआप डिलीट करायचा पर्याय आहे, पण दुसऱ्याच्या कागदपत्रांवर तो वापरू नका.

रॅम कमी आहे?

क्लॅमएव्ही-डेमन नावाचं वेगळं पॅकेज यादी कायम मेमरीत धरून ठेवतं, त्यामुळे स्कॅन झटपट होतो. पण क्लॅमएव्हीसाठी ३ जीबी किंवा त्याहून जास्त रॅम असावी असं बनवणारेच सांगतात. २ जीबीच्या जुन्या मशीनवर डेमन टाकू नका. गरजेपुरता क्लॅमस्कॅन चालवा, तोही बाकीचे प्रोग्राम बंद करून.

काम करतोय का, ते कसं कळणार?

त्यासाठी आयकार नावाची चाचणी फाइल मिळते. ती फक्त ६८ अक्षरांची असते आणि काहीच नुकसान करत नाही. बहुतेक अँटिव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस म्हणून पकडतात. ती आयकारच्याच वेबसाइटवरून घ्या आणि आपल्याच मशीनवर तपासा.

हे मात्र लक्षात ठेवा

पासवर्ड लावलेल्या झिप फाइलच्या आतलं क्लॅमएव्हीला दिसत नाही आणि फार मोठ्या फाइल्स तो पूर्ण तपासत नाही. आणि तुमच्या फोनचं रक्षण तर तो अजिबात करत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. ती पत्रिका नव्हतीच, एपीके फाइल होती. उघडल्यावर खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले.

म्हणून पत्रिका असो की योजनेची यादी, नावाच्या शेवटी एपीके दिसलं तर हात लावू नका. पाठवणारा ओळखीचा असला तरी आधी फोन करून विचारा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर कॉल करा.

लॅपटॉपवर क्लॅमएव्ही टाका, फोनवर डोकं शांत ठेवा. काही अडलं तर कमेंटमध्ये नक्की विचारा!