पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही

(पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा किंवा सेव्ह करून ठेवा.)

मोठ्या कलाकाराच्या कॉन्सर्टला पेपरचा फोटोग्राफर गेला की त्याला दारातच एक नियम ऐकवतात. पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, नंतर कॅमेरा बॅगेत. स्टेज आणि बॅरिकेड यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत पाच-पंधरा जण एकमेकांच्या कोपरांचा मार खात उभे राहतात, दहा-बारा मिनिटं क्लिक करतात आणि सिक्युरिटीवाला त्यांना बाहेर काढतो. जगभर हीच पद्धत आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत ती रुळली. सुरुवातीचं कारण खरंच रास्त होतं. समोरून फ्लॅश मारले की गाणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि पैसे देऊन आलेल्या माणसाला स्टेजऐवजी फोटोग्राफरांच्या पाठी दिसतात.

पण दुसरं कारणही आहे, जे कुणी मोठ्याने बोलत नाही. तिसऱ्या गाण्यापर्यंत कलाकाराला घाम आलेला नसतो. मेकअप टिकलेला असतो, केस जागेवर असतात. म्हणजे फोटो काढा, पण आम्ही ठरवलेल्या रूपातला काढा.

आता गंमत बघा. रॉक संगीताचे जे फोटो आपल्याला माहीत आहेत, टी-शर्टवर नि कॉलेजच्या होस्टेलच्या भिंतींवर जे दिसतात, त्यातले बरेचसे या नियमात निघालेच नसते.

18 जून 1967, कॅलिफोर्नियातलं मॉन्टेरे. जिमी हेंड्रिक्सने आपला कार्यक्रम संपवताना स्टेजवर गुडघे टेकले आणि गिटार पेटवली. स्टेजला लागून खुर्चीवर उभा असलेला एड कॅराफ नावाचा 17 वर्षांचा शाळकरी पोरगा फोटो काढत होता. तो कुठल्या मासिकाचा नव्हता, कुणी त्याला नेमलं नव्हतं. रोलमधली शेवटची फ्रेम उरली होती, ती त्याने त्या ज्वाळांवर खर्च केली. वीस वर्षांनी, 1987 मध्ये, तो फोटो रोलिंग स्टोनच्या कव्हरवर आला. आज तोच पोरगा तिसऱ्या गाण्यानंतर बाहेर रस्त्यावर असता. मुळात आत आलाच नसता.

दुसरं उदाहरण 20 सप्टेंबर 1979 चं, न्यूयॉर्कच्या पॅलेडियममधलं. द क्लॅश या ब्रिटिश पंक बँडचा बेसिस्ट पॉल सिमोनन वैतागला होता, कारण प्रेक्षकांना खुर्च्यांवरून उठूच देत नव्हते. (पंकच्या कार्यक्रमात लोकांना बसवून ठेवायचं म्हणजे तमाशात शिट्टी मारायला बंदी घालण्यासारखं आहे.) कार्यक्रम संपत आला तसा त्याने बेस गिटार उलटी धरून स्टेजवर आपटली. बाजूला पेनी स्मिथ होती. तो आपल्याच दिशेने येतोय हे पाहून ती मागे सरकली आणि सरकता सरकता तिने बटण दाबलं. फोटो थोडा हलला, फोकस गेला. तिला स्वतःला तो कव्हरसाठी नको होता. बँडने ऐकलं नाही, आणि ‘लंडन कॉलिंग’च्या कव्हरवर तोच छापला. कव्हरवरची गुलाबी-हिरवी अक्षरं 1956 च्या एल्विस प्रेस्लीच्या पहिल्या अल्बमवरून घेतली होती. 2002 मध्ये क्यू या ब्रिटिश मासिकाने तो रॉकमधला सर्वोत्तम फोटो ठरवला. मोडलेली गिटार आता लंडनच्या संग्रहालयात आहे.

पेनी स्मिथ बँडसोबतच दौऱ्यावर होती, तेव्हा तिला मोकळीक होती हे खरं. तशी मोकळीक आजही मिळते, पण ती कलाकाराने पगारावर ठेवलेल्या फोटोग्राफरला. त्याचे फोटो आधी मॅनेजर पाहतो, मग जग पाहतं.

जिम मार्शल याबाबतीत हट्टी होता. सॅन क्वेंटिन तुरुंगात जॉनी कॅशने मधलं बोट दाखवलेला फोटो त्याचा, 1969 चा. पूर्ण मोकळीक नसेल तर काम घ्यायचं नाही, आणि फोटोचा हक्क कुणाला द्यायचा नाही, असा त्याचा खाक्या होता. तो 2010 मध्ये गेला, आणि 2014 मध्ये ग्रॅमीवाल्यांनी मरणोत्तर सन्मान दिला. अशा स्वभावाच्या माणसाला आज कोण पास देईल, सांगा.

बरं, हे सगळं मी का सांगतोय? आमच्या मित्रमंडळींत जुन्या गाण्यांवरून नेहमी भांडण होतं. एक जण डीप पर्पल आणि लेड झेपेलिनच्या पुढे जात नाही, दुसरा ॲबा आणि बोनी एमवर जीव टाकतो, तिसरा म्हणतो की स्टीव्ही वंडरपुढे हे सगळे पोरखेळ आहेत. आवड ज्याची त्याची, इथपर्यंत ठीक. पण रॉकवाला हळूच ‘ते खरं संगीत, बाकी नाचगाणं’ असं म्हणतो तेव्हा मला वाटतं, हे मत त्याने कानाने बनवलेलं नाही. त्यात डोळ्यांचा मोठा वाटा आहे. कुणाचे फोटो निघाले, कुणाची फिल्म झाली, कुणाची पेटी तळघरात पडून राहिली, यावर आपली अर्धी आवड ठरलेली असते.

सर्वात ठसठशीत पुरावा 1969 च्या उन्हाळ्याचा आहे. वुडस्टॉक आपल्याला माहीत आहे. 15 ते 18 ऑगस्ट, शेतातला चिखल, चार लाखांच्या आसपास माणसं. वॉर्नर ब्रदर्सने त्याची फिल्म काढली, मायकल वॉडलीने दिग्दर्शन केलं, एडिटिंगच्या टेबलावर थेल्मा शूनमेकर आणि तरुण मार्टिन स्कॉर्सेसी होते. 1970 मध्ये ती आली, ऑस्कर मिळालं, आणि ‘साठचं दशक’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय यावं ते कायमचं ठरून गेलं. हेंड्रिक्स तिथे सोमवारी सकाळी वाजवायला उभा राहिला तेव्हा बहुतेक गर्दी घरी निघून गेली होती. पण फिल्ममध्ये तो आहे, म्हणून तो सगळ्यांनी पाहिलाय.

त्याच उन्हाळ्यात, तिथून साधारण शंभर मैलांवर, न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम वस्तीतल्या माउंट मॉरिस पार्कमध्ये सहा रविवार संगीत महोत्सव चालला. प्रवेश फुकट. स्टीव्ही वंडर, नीना सिमोन, बी. बी. किंग, महालिया जॅक्सन, ग्लॅडिस नाइट, स्लाय अँड द फॅमिली स्टोन. सगळे मिळून तीन लाखांच्या आसपास लोक आले. शहराचे महापौर जॉन लिंडसे स्टेजवर आले. त्यातला एक रविवार 20 जुलैचा होता, माणूस चंद्रावर उतरला तो दिवस.

याचं चित्रण हॅल टल्चिनने केलं. लाइट लावायला पैसे नव्हते म्हणून स्टेजचं तोंड पश्चिमेला ठेवलं, म्हणजे दुपारचं ऊन कलाकारांच्या चेहऱ्यावर पडेल. फोटोग्राफीचं गणित माहीत असलेल्यांना यातली हुशारी कळेल. एकूण सुमारे चाळीस तासांचं चित्रण जमलं. त्या वर्षी टीव्हीवर त्यातलं थोडंफार दिसलं, आणि मग? मग काही नाही. ‘काळ्या वुडस्टॉक’ची फिल्म म्हणून टल्चिनने ते विकायचा प्रयत्न केला, पण कुणाला रस नव्हता. टेपा जवळजवळ पन्नास वर्षं पडून राहिल्या. अखेर क्वेस्टलव्हने त्यातून ‘समर ऑफ सोल’ ही फिल्म केली, ती 2021 मध्ये आली आणि 2022 मध्ये तिला ऑस्कर मिळालं. टल्चिन 2017 मध्येच वारला होता.

स्लाय अँड द फॅमिली स्टोन दोन्हीकडे गायले होते, त्यामुळे चांगल्या-वाईटाचा प्रश्न नव्हता. फरक इतकाच होता की एका चित्रणामागे स्टुडिओ उभा राहिला आणि दुसऱ्यामागे राहिला नाही.

आवडीचं भांडण किती थराला जाऊ शकतं याचाही फोटो आहे. 12 जुलै 1979, शिकागोचं कॉमिस्की पार्क हे बेसबॉलचं मैदान. स्टीव्ह डाल या रेडिओ जॉकीने जाहीर केलं की डिस्कोची एक रेकॉर्ड घेऊन या आणि 98 सेंटमध्ये आत या. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात जमा झालेल्या रेकॉर्डी मैदानात उडवून दिल्या. हजारो पोरं मैदानात घुसली, खेळपट्टीचा सत्यानाश झाला, 39 जणांना अटक झाली आणि यजमान व्हाइट सॉक्सला दुसरा सामना सोडून द्यावा लागला. त्या रात्री मैदानावर काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलाने पुढे सांगितलं की लोकांनी आणलेल्या ढिगात नुसता डिस्को नव्हता, काळ्या कलाकारांच्या सोल आणि फंकच्या रेकॉर्डीही होत्या. धुराचे फोटो जगभर गेले. ज्या क्लबांमध्ये हे संगीत वाढलं तिथल्या साध्या रात्रींचे, घामेजल्या नाचणाऱ्यांचे फोटो त्या मानाने कितीसे पोचले?

आता हक्कांकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. जून 2015 मध्ये टेलर स्विफ्टने ॲपलला जाहीर पत्र लिहिलं की तीन महिन्यांच्या मोफत काळात कलाकारांना पैसे न देणं अन्याय आहे. ॲपल नमलं. लगेच जेसन शेल्डन या ब्रिटिश फोटोग्राफरने तिला जाहीर पत्र लिहिलं: बाई, तुमच्या कॉन्सर्टला आम्हाला जो करार सही करायला लावता त्यात आम्ही फोटो एकदाच वापरायचा आणि तुमच्या कंपनीने मात्र कायमचा, त्याचं काय? महिन्याभरात करार बदलला. त्याच उन्हाळ्यात फू फायटर्सच्या करारावर सही करायला वॉशिंग्टन सिटी पेपरने नकार दिला आणि चाहत्यांकडून फोटो विकत घेऊ म्हणून कळवलं. कॅनडात क्यूबेक शहराच्या ल सोलेय या दैनिकाने तर फोटोग्राफरऐवजी व्यंगचित्रकार पाठवला. मला हा निषेध फार आवडला.

आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. त्यानुसार फोटोचा कर्ता फोटोग्राफर असतो, पण पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर मुदत फोटोग्राफरच्या हयातीनंतर 60 वर्षं झाली आहे. कागदावर हे बरं आहे. पण गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओवाल्याला हे कुणी सांगितलं?

शास्त्रीय गाण्याबाबत आपण नशीबवान आहोत. सवाई गंधर्व महोत्सवातले गवय्ये सतीश पाकणीकरांनी असे टिपले की ज्यांनी प्रत्यक्ष ऐकलं नाही त्यांनाही ते चेहरे ओळखीचे वाटतात. तमाशाच्या फडांमागे संदेश भंडारे कॅमेरा घेऊन हिंडले, त्यांचं पुस्तक आहे. पण किशोर-रफीची गाणी गावोगाव पोचवणारे सत्तर-ऐंशीतले ऑर्केस्ट्रे, त्यातले अकॉर्डियनवाले, बाँगोवाले, मुलाच्या आणि मुलीच्या दोन्ही आवाजांत गाणारे कलाकार? ते कुणाच्या तरी कपाटात, चिकटलेल्या अल्बमच्या पानांत आहेत. स्टुडिओ बंद झाला की निगेटिव्ह भंगारात जातात.

हल्ली काही कलाकार फोनच कुलूपबंद पाऊचमध्ये टाकायला लावतात. जॅक व्हाइटने 2018 च्या दौऱ्यात हेच केलं. ऐकताना फोन खाली ठेवा, हे मला पटतं. मात्र त्या रात्रीचे फोटो मग फक्त त्याच्या स्वतःच्या फोटोग्राफरकडून मिळतात, हे पटत नाही.

तुमच्याकडे जुन्या ऑर्केस्ट्राचे, जत्रेतल्या किंवा मंडळाच्या कार्यक्रमाचे फोटो असतील तर कमेंटमध्ये टाका. मागे साल, गाव किंवा स्टुडिओचा शिक्का असेल तर त्या बाजूचाही फोटो टाका. आणि डिस्को आवडत असेल तर तेही न लाजता लिहा.