हिमालयातल्या हरवलेल्या मजली

महाराष्ट्रातून निघणाऱ्या छोट्या हिमालयन ट्रेकचा आराखडा बहुधा रजेवरून ठरतो. पुढचेमागचे शनिवार-रविवार जोडून नऊ दिवस हाती येतात. त्यांतले तीन-चार रेल्वेत, विमानात आणि जीपमध्ये जातात, आणि उरलेल्या पाच-सहा दिवसांत चार हजार मीटरच्या वर जाऊन परत यायचे असते. हा हिशेब आता इतका अंगवळणी पडला आहे की तो पूर्वापार चालत आला असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे वय साठ वर्षांच्या आसपास आहे. त्याआधी उंच हिमालयात जाणारा माणूस, मग तो व्यापारी असो, यात्रेकरू असो की सैनिक, पायथ्यापासून चालत यायचा आणि त्याला आठवडे लागायचे. त्या लांबणीकडे आपण गैरसोय म्हणून पाहतो, आणि ती गैरसोय होतीही. पण त्या दिवसांमध्ये आणखी एक काम आपोआप होत होते: शरीर विरळ हवेला रुळत होते. रस्त्यांनी आणि धावपट्ट्यांनी दिवस वाचवले तेव्हा हे कामही वेळापत्रकातून गळून पडले. छोट्या ट्रेकचे नियोजन म्हणजे गळालेले ते दिवस कुठेतरी परत बसवणे, असे माझे मत आहे.

‘मजल दरमजल करीत’ हा शब्दप्रयोग आपण सहज वापरतो. मजल म्हणजे एका दिवसाची चाल आणि तिच्या शेवटचा मुक्काम. हिमालयातली अंतरे अशाच मजलींत मोजली जात. श्रीनगर ते लेह ही वाट जुन्या प्रवाशांच्या हिशेबात सोळा मजलींची होती. तिचा उंचीचा आलेख पाहण्यासारखा आहे. श्रीनगर सुमारे 1,600 मीटरवर, सोनमर्ग 2,700च्या आसपास. मग साडेतीन हजारांवरची झोजी ला ही खिंड ओलांडून द्रासला उतरायचे, तिथून आणखी खाली कारगिलला, म्हणजे पुन्हा 2,700च्या आत. त्यानंतर नमिका ला आणि 4,100 मीटरची फोटू ला, पुन्हा उतार, आणि मग सिंधूच्या काठाकाठाने हळूहळू चढत लेहपर्यंत. दिवसा उंच खिंड ओलांडायची आणि रात्री तिच्याहून खाली निजायचे, हे आज गिर्यारोहणाच्या वर्गात शिकवले जाते. ही वाट आखणाऱ्यांच्या मनात तसले काही नव्हते. पाणी, चारा, गाव आणि घोड्याचा दम पाहून मुक्काम ठरले. तरीही लेहला पोचणारा माणूस दोन आठवडे उंचीत वावरलेला असायचा. आज दिल्लीहून विमानाने सव्वा-दीड तासात 3,250 मीटरवर उतरणाऱ्याच्या गाठीशी यातला एकही दिवस नसतो.

जुन्या लोकांना हा आजार माहीत नव्हता, असे मात्र नाही. मिर्झा मुहम्मद हैदर दुघलात हा सरदार सोळाव्या शतकात यारकंदहून काराकोरम ओलांडून लडाखवर चालून गेला. आपल्या ‘तारीख-ए-रशिदी’ या ग्रंथात त्याने ‘दमगिरी’ नावाच्या व्याधीचे वर्णन केले आहे. श्वास कोंडतो, झोप लागत नाही, माणूस बरळू लागतो, हातपाय सुजतात आणि शेवटी मृत्यू येतो. ही व्याधी परक्यांनाच होते, तिथल्या रहिवाशांना नाही आणि घोडेही तिच्यातून सुटत नाहीत, हेही त्याने नोंदवले आहे. मेंदूला आणि फुप्फुसांना येणाऱ्या सुजेची लक्षणे आज डॉक्टर सांगतात, त्यांच्याशी हे वर्णन चकित करण्याइतके जुळते. ज्याच्यासाठी तो लढत होता तो सुलतान सईद खान 1533 साली लडाखहून परतताना याच दमगिरीने गेला. गढवाल-कुमाऊंकडे लोक या त्रासाला ‘बिस’ म्हणत, म्हणजे विष. उंचावरच्या फुलांच्या वासाने हवा विषारी होते, असा समज होता. कारण चुकीचे होते, पण उंचीमुळे काहीतरी अंगात भिनते आणि खाली उतरल्यावर ते ओसरते, हे निरीक्षण खरे होते.

काश्मीरच्या युद्धात, 1948च्या मे महिन्यात, एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहच्या घाईघाईने तयार केलेल्या धावपट्टीवर डाकोटा विमान उतरवले. लडाख वाचवण्यासाठी ते अत्यावश्यक होते, आणि ते धाडस आजही थक्क करते. पण सोळा मजलींचे अंतर काही तासांवर आले ते त्या दिवशी. 1962च्या युद्धात मैदानी प्रदेशातले हजारो जवान तातडीने उंच मोर्च्यांवर पाठवले गेले आणि त्यांतले कितीतरी शत्रूची गोळी न लागताच आजारी पडले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी अशा 1,925 सैनिकांचा अभ्यास 1969मध्ये प्रसिद्ध केला. उंचीच्या आजारावरच्या जगातल्या पायाभूत कामांत त्याची गणना होते. यातून लष्कराने जो नियम घडवला तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. 2,700 ते 3,600 मीटरच्या पट्ट्यात सहा दिवस, तिथून 4,500पर्यंत चार दिवस, आणि त्याच्याही वर जायचे असेल तर आणखी चार. बेरीज चौदा होते. विमानाने खोडून टाकलेल्या जवळजवळ तितक्याच मजली लष्कराला मुक्कामाच्या रूपात परत लिहून काढाव्या लागल्या.

नेपाळात हीच गोष्ट पर्यटनाच्या वाटेने घडली. 1953ची एव्हरेस्ट मोहीम काठमांडूच्या खोऱ्यातून सतरा दिवस चालत थ्यांगबोचेला पोचली. वाट एकामागून एक डोंगररांगा चढत-उतरत जाणारी होती. 1964मध्ये एडमंड हिलरींनी लुकला इथे धावपट्टी बांधली, ती शाळा-दवाखान्यांचे सामान नेण्यासाठी. त्याच वर्षी निवृत्त गुरखा अधिकारी जिमी रॉबर्ट्स यांनी काठमांडूत ट्रेक घडवणारी पहिली कंपनी काढली, आणि 1965मध्ये तीन अमेरिकन स्त्रिया तिच्या पहिल्या गिऱ्हाईक झाल्या. तंबू, स्वयंपाकी आणि भारवाहक घेऊन जाण्याची मोहिमेची पद्धत आता शिखर न चढणाऱ्यालाही विकत मिळू लागली. पुढे दहाच वर्षांत पीटर हॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच वाटेवर, 4,243 मीटरवरच्या फेरिचे इथे 278 ट्रेकर तपासले. 53 टक्क्यांना उंचीचा त्रास झालेला आढळला, आणि लुकलाला, म्हणजे 2,800 मीटरवर, विमानाने उतरून पुढे निघालेल्यांत त्याचे प्रमाण जास्त होते. एकच वाट, एकच मोसम, फरक काय तो मागे चालून आलेल्या दिवसांचा.

यावर काही आक्षेप येतात. पहिला असा की जुने लोक हळू जात होते हीच मुळी दंतकथा आहे. कुमाऊंतल्या मिलमचे जोहारी व्यापारी तिबेटकडे जाताना ऊंटाधुरा, जयंती आणि कुंगरी-बिंगरी या पाच हजार मीटरवरच्या तीन खिंडी एका दिवसात ओलांडण्याचा प्रयत्न करीत. हे खरे आहे. पण मिलम हे गावच सुमारे 3,400 मीटरवर वसलेले. उन्हाळा लागताच ही कुटुंबे मुनस्यारीच्या खालच्या वस्त्यांतून टप्प्याटप्प्याने शेळ्यामेंढ्यांसह वर सरकत, तिथे घरे उघडत, शेते पेरत, आणि मग पुरुष खिंडींकडे निघत. तिबेटशी व्यापार 1962 साली तुटला, गाव ओस पडले, आणि त्यांच्या पडावांवर आता ट्रेकरांचे तंबू लागतात. व्यापाऱ्याची ती एका दिवसाची झेप आपण उचलली, तिच्यामागचा मोसम मात्र नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. हळू चालणारेही मरत होते, गढवालातल्या रूपकुंड तळ्याच्या काठची माणसांची हाडे पाहा. 2019च्या संशोधनात तिथल्या 38 जणांचे अवशेष तपासले गेले. ते एकाच दुर्घटनेतले नाहीत, त्यांच्यात हजार वर्षांचे अंतर आहे आणि काही तर पूर्व भूमध्य प्रदेशातल्या वंशाचे आहेत. कवट्यांवरच्या जखमांमुळे गारपिटीचा तर्क केला जातो. म्हणजे मजलींनी वादळ थांबत नाही, हे मान्यच आहे. त्याच वाटेने जाणारी नंदादेवी राजजात माझ्या मांडणीला थोडी अडचणीतही आणते. नौटीहून होमकुंडापर्यंत आणि परत अशी ही सुमारे 280 किलोमीटरची, वीसेक दिवसांची यात्रा. पण वाण हे शेवटचे गाव सोडल्यावर तीही तीन-चार दिवसांतच रूपकुंड गाठते, म्हणजे अलीकडच्या ट्रेकच्याच वेगाने. फरक इतकाच की वाणला पोचण्याआधी यात्रेकरू दहा-बारा दिवस गावागावांत मुक्काम करीत, घाट चढत-उतरत आलेला असतो, आणि बहुतेक जण त्याच डोंगरांत वाढलेले असतात. मधल्या उंचीवरच्या या दिवसांचा उपयोग किती, याचे उत्तर फेरिचेच्या आकड्यांत आहे. तिथे पायी आलेल्यांनीही अशाच मधल्या रांगा ओलांडल्या होत्या.

तिसरा आक्षेप औषधांचा. डायमॉक्सची गोळी आहे, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे, प्राणवायूचा सिलिंडर आहे, मग जुन्या मजलींचे दुखणे कशाला? गोळी खरोखर उपयोगी पडते. पण हॅकेट यांच्याच तपासणीत तिने विमानाने आलेल्यांचा त्रास कमी केला, चालत आलेल्यांत तिचा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणजे जिथे दिवस कमी पडले तिथेच तिची गरज पडली. ऑक्सिमीटर आकडा दाखवतो, दिवस देत नाही. आणि सिलिंडर हे खाली उतरेपर्यंतचे साधन आहे, उतरणे टाळण्याचे नव्हे.

राहतो रजेचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. नोकरी करणाऱ्याला तीन आठवडे कोण देणार? उंच हिमालय फक्त सवड असणाऱ्यांसाठी ठेवावा, असे मी कधीच म्हणणार नाही. रस्ते झाले म्हणूनच शिक्षक, बँकेतला कारकून, कॉलेजातली मुलगी तिथे जाऊ शकली, आणि हे चांगलेच झाले. पण दिवस ठरलेले असतील तर मग बदलायची ती उंची. तीन हजार मीटरच्या वर निजण्याची जागा रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा आजचा सर्वमान्य नियम घेऊन सहा दिवसांचा आराखडा तपासला तर कुठली वाट बसते आणि कुठली नाही ते पाच मिनिटांत कळते. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यांनी इथे विशेष जपावे. त्या सरावाने पाय आणि दम तयार होतात, पण कळसूबाईचा माथाही 1,646 मीटरच आहे, आणि दणकट माणसाला हा आजार कमी होतो असे कुठेही दिसलेले नाही. उलट तो वेगाने चढतो, हाच धोका.

कमी रजेत बसणाऱ्या वाटाही याच इतिहासाने ठेवल्या आहेत. पिंडारी हिमनदीच्या वाटेवर इंग्रजी अमदानीत एकेका मजलीवर डाक बंगले बांधले गेले: लोहारखेत, धाकुडी, खाती, द्वाली, फुरकिया. शेवटचा मुक्काम सुमारे 3,260 मीटरवर, आणि हिमनदीसमोरची जागा साडेतीन हजारांच्या थोडी वर. आता जीप खातीच्या जवळ खरकियापर्यंत जाते आणि पहिल्या दोन मजली वाचतात. त्या वाचवू नका. लोहारखेतला उतरा आणि चालत चढा. धाकुडीच्या खिंडीकडे जाणारी जुनी पायवाट अजून आहे.