मराठवाड्यात कधी पाण्याची रेल्वे, कधी महापूर: पृथ्वीभर फिरणाऱ्या हवेचा याच्याशी काय संबंध?

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली एक मालगाडी लातूरला पोहोचली. तिच्या १० वाघिणींमध्ये सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. शहराला पाणी पुरवणारं मांजरा धरण आटलं होतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यातच कलम १४४ लावावं लागलं होतं. पुढे या 'जलदूत' गाडीला ५० वाघिणी जोडल्या गेल्या आणि एका खेपेला २५ लाख लिटर पाणी येऊ लागलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यात नेमकं उलट घडलं. मुखेड तालुक्यात रात्रीतून इतका पाऊस कोसळला की हसनाळ, रावणगावसारखी लेंडी धरणाच्या बुडीत क्षेत्रातली गावं पाण्याखाली गेली. माणसं दगावली, लष्कराला बोलवावं लागलं. सप्टेंबरमध्ये लातूर, धाराशिव, बीडमध्ये मांजरा आणि तेरणा पात्राबाहेर आल्या आणि काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं.

हे दोन्ही टोकाचे प्रकार एकाच पट्ट्यात का घडतात, याचं उत्तर बऱ्याच अंशी एका साध्या गोष्टीत आहे. मराठवाड्यावरची हवा वर चढते आहे की खाली उतरते आहे?

हवा चढली की पाऊस, उतरली की ऊन

विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर जवळपास डोक्यावर असतो. तिथली तापलेली, दमट हवा वर चढते, थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचा पाऊस होतो. पाऊस पाडून कोरडी झालेली ही हवा बारा-पंधरा किलोमीटर उंचीवरून दोन्ही ध्रुवांच्या दिशेने सरकते आणि साधारण ३० अंश अक्षांशाजवळ खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते आणि दाबली गेली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं, त्यातलाच हा प्रकार. तापलेल्या, कोरड्या हवेत ढग टिकत नाहीत. सहारा, अरबस्तान, थर ही वाळवंटं याच उतरत्या हवेच्या पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास आहेत.

उतरलेली हवा जमिनीलगत पुन्हा विषुववृत्ताकडे वाहते. हेच व्यापारी वारे. या वाऱ्यांचं स्पष्टीकरण देण्याचा महत्त्वाचा प्रयत्न १७३५ मध्ये जॉर्ज हॅडली या इंग्रज अभ्यासकाने केला, म्हणून या चक्राला हॅडली चक्र म्हणतात.

मग लातूर वाळवंट का नाही?

लातूर साधारण १८.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे, नांदेड १९ अंशांच्या थोडं वर. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची मॉरिटानियाची राजधानी नुआकशोतही १८ अंशांवरच आहे. तिथे वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लातूरला सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर पडतो, नांदेडला त्याहून थोडा जास्त.

हा फरक पडतो आशिया खंडाच्या आकारामुळे. एप्रिल-मेमध्ये उपखंड तापतो, तिबेटचं उंच पठारही तापतं. त्यामुळे हवा वर चढण्याचा पट्टा विषुववृत्त सोडून पार गंगेच्या मैदानापर्यंत उत्तरेला ओढला जातो. त्याच्याकडे धावणारे दक्षिण गोलार्धातले व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन नैऋत्येकडून येतात. हाच मोसमी पाऊस.

म्हणजे मराठवाड्याला जगावर चालणाऱ्या हवेच्या चक्रातला पावसाळी भाग फक्त चार महिन्यांसाठी मिळतो. बाकीच्या बहुतांश काळात इथे उतरत्या हवेचंच राज्य असतं.

त्यातही हे चार महिने पूर्ण हाती लागत नाहीत. अरबी समुद्रावरून आलेल्या वाऱ्यांना आधी सह्याद्री चढावा लागतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि घाट उतरल्यावर ढग बरेचसे रिकामे झालेले असतात. त्यामुळे मराठवाड्याची खरी भिस्त बंगालच्या उपसागरावरून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर असते. ती येतात पूर्वेकडून, म्हणून नांदेडच्या किनवट-माहूर भागात पाऊस जास्त आणि बीड-धाराशिवकडे कमी. २०१६ ची रेल्वे मिरजेहून आली ती कृष्णेचं पाणी घेऊन आणि कृष्णेचा उगम महाबळेश्वरचा. सह्याद्रीने अडवलेला पाऊसच शेवटी रुळावरून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून लातूरला आला, असंही म्हणता येईल.

पॅसिफिकमध्ये काही झालं की मोंढ्यात का जाणवतं?

भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख म्हणून गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ १९०४ मध्ये रुजू झाले. मोसमी पाऊस कधी दगा देईल हे आधी कळावं, यासाठी त्यांनी जगभरातल्या हवेच्या दाबाच्या नोंदी तपासल्या. त्यात त्यांना दिसलं, की पॅसिफिकवर दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागराच्या बाजूला कमी होतो आणि उलटही घडतं. हॅडली चक्र उत्तर-दक्षिण चालतं, तर हे पूर्व-पश्चिम. त्याला आज वॉकर चक्र म्हणतात. १९६९ मध्ये जेकब बियर्कनेस यांनी त्याचा एल निनोशी संबंध जोडून दाखवला.

साधारण वर्षी इंडोनेशियाच्या बाजूला समुद्र गरम असतो आणि हवा तिथे वर चढते. एल निनोच्या वर्षी गरम पाणी पूर्वेकडे पसरतं आणि हवा चढण्याची जागाही तिकडे सरकते. मग भारताच्या बाजूला हवा उतरण्याचा कल वाढतो. पावसात लांब खंड पडतो, दुबार पेरणीची वेळ येते. २०१५ मध्ये मोठा एल निनो होता. त्या वर्षी देशात सरासरीच्या ८६ टक्के पाऊस झाला, मराठवाड्यात तर सुमारे ४० टक्के तूट होती. २०२३ च्या एल निनोत देशाने १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट पाहिला.

पण एल निनो म्हणजे दुष्काळ, हे समीकरण कच्चं आहे. १९९७ चा एल निनो प्रचंड होता, तरी भारतात पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराच्या पश्चिम भागातल्या गरम पाण्याने तेव्हा तोल सावरला. उलट २०१४ मध्ये एल निनो पुरता आकाराला आलाही नव्हता, तरी मराठवाडा कोरडा राहिला. शिवाय मांजरा आटायला एकटी हवा कारणीभूत नव्हती. कमी पावसाच्या पट्ट्यात उसाला लागणारं पाणीही या हिशेबात धरावंच लागतं.

पडतो तेव्हा इतका का पडतो?

पावसाळ्यात कमी दाबाचा लांब पट्टा राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला असतो. तो हिमालयाच्या पायथ्याला सरकला की तिकडे धो धो आणि मराठवाड्यात कडक ऊन. तो दक्षिणेला उतरला आणि उपसागरातून एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं आली, की नांदेड-लातूर त्यांच्या वाटेत येतं. २०१६ मध्येच, रेल्वे येऊन गेल्यावर काही महिन्यांनी, सप्टेंबरअखेरच्या पावसाने लातूरमध्ये पूर आला आणि मांजरा धरणात पाणी आलं.

यात तापमानवाढीची भर पडली आहे. हवा १ अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २०१७ मधल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या.

उन्हाळ्याच्या तोंडावरचा धोका वेगळा आहे. पश्चिमेकडून वाहणाऱ्या उंचावरच्या थंड वाऱ्यांची लाट दक्षिणेला खोलवर आली आणि खाली समुद्रावरची दमट हवा असली, की गारपीट होते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यात गहू, हरभरा, ज्वारी आणि द्राक्षबागा अशाच झोडपल्या गेल्या.

शेतकऱ्याला यातलं काय उपयोगी पडतं?

एल निनोचा अंदाज काही महिने आधी येतो, पण तो देशापुरता असतो. मुखेडसारखा पाऊस नेमक्या कोणत्या गावावर पडेल हे काही तास आधीच कळू शकतं. म्हणून कृषी विभाग मृगाच्या पहिल्या सरीवर विसंबू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं सांगतो. कोरडवाहू सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरी पद्धतीची शिफारस केली जाते. पावसात खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते आणि एकाच दिवशी खूप पाऊस पडला तर जादा पाणी सरीतून निघून जातं.