रॉकेलवाल्यांचा वकील

दिवाळीत पणती तेलाची असली, तरी आपल्या माजघरातला कंदील पिढ्यान् पिढ्या रॉकेलवर जळला. रॉकेलच्या धंद्यातले अमेरिकन कुबेर जॉन रॉकफेलर वाचकांना ठाऊक आहेत. मला मात्र त्यांच्या वकिलाचे कुतूहल अधिक. कादंबऱ्या लिहिणाऱ्याची खोड म्हणा. राजापेक्षा दिवाणजीच्या दप्तरात कथानक लवकर सापडते!

सॅम्युएल डॉड हे त्यांचे नाव. जन्म १८३६ चा. वकिली पेनसिल्व्हेनियातल्या फ्रँकलिन गावी, ऐन तेलमुलखात. त्या काळी रेल्वे कंपन्या बड्या गिऱ्हाइकाला भाड्यात गुपचूप सूट देत आणि लहान तेलवाला हकनाक बुडे. १८७२-७३ साली राज्याची घटना सुधारण्यासाठी परिषद भरली, तीत डॉड या अन्यायाविरुद्ध उभे राहिले. अशा सवलतींवर पोसलेली कंपनी म्हणजे रॉकफेलरांची स्टँडर्ड ऑइल. आणि हेच गृहस्थ पुढे तिचे वकील झाले!

फितुरी म्हणावी, तर एक गोष्ट आड येते. आपला पैसा कंपनीत गुंतला तर सल्ला निर्मळ राहणार नाही, म्हणून त्यांनी तिचे भाग घेण्याचे नाकारले. ते घेते, तर गडगंज झाले असते.

त्यांच्यापुढे पेच असा होता. स्टँडर्ड ऑइल ओहायो राज्यात नोंदलेली. कायद्याने तिला परराज्यातल्या कंपन्यांचे भाग घेण्याची मोकळीक नव्हती. कारखाने तर राज्याराज्यांत पसरलेले. एका घरात नांदायचे, पण घर कोणाच्या नावावर लावायचे? डॉडनी तोड काढली ती आपल्या देवस्थानांच्या पंचांना सहज उमगावी अशी. २ जानेवारी १८८२ च्या करारनाम्याने सगळ्या कंपन्यांच्या भागधारकांनी आपले भाग नऊ विश्वस्तांच्या हाती सोपवले व बदल्यात दाखले घेतले. कागदोपत्री प्रत्येक कंपनी निराळी. कारभार मात्र नऊ जणांचा. विधवेची इस्टेट, पोरक्या मुलांचा पैसा सांभाळण्यासाठी जन्मलेला 'ट्रस्ट' शब्द अमेरिकेत मक्तेदारीची शिवी बनला, तो येथून.

करारनामा गुप्त होता. पण १८८९ साली ओहायोचे सरकारी वकील डेव्हिड वॉटसन यांना पुस्तकांच्या दुकानात एक लहानसे कायद्याचे पुस्तक मिळाले. त्यात तो छापलेला! त्यांनी फिर्याद लावली आणि १८९२ साली राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने कंपनीला ट्रस्टशी संबंध तोडायला लावले. दरम्यान १८९० साली मक्तेदारीविरोधी शर्मन कायदाही झाला होता. तरी वकिलांची लेखणी थांबली नाही. न्यू जर्सीचा कायदा एका कंपनीला दुसरीचे भाग बाळगू देत असे. १८९९ साली सारा पसारा तेथल्या कंपनीच्या पदराखाली गेला.

कंपनीचा वकील म्हणजे खटला आला की बोलवायचा माणूस, अशी आपली समजूत. येथे खटल्याच्या कितीतरी आधी धंद्याचा सांगाडाच वकिलाने बांधला. भाड्याच्या सवलतींविरुद्ध भांडलेल्या माणसाने त्यांतून वाढलेल्या धंद्याला असे बळकट घर का बांधून द्यावे? स्वच्छ हातांनी केलेले हे काम माझ्या गळी पूर्णपणे उतरत नाही.

डॉड १९०७ साली वारले. १५ मे १९११ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या साम्राज्याचे ३४ तुकडे करवले. भागधारकांना प्रत्येक तुकड्यात वाटा मिळाला, तुकड्यांच्या किमती चढल्या आणि रॉकफेलर पूर्वीपेक्षाही श्रीमंत झाले.