मार लागलेल्या दातांतील रूट कॅनाल पेस्ट : जैवसुसंगतता

दाताच्या मूळनलिकेत भरलेली पेस्ट आपले काम करताना भोवतालच्या जिवंत पेशींना कितपत सांभाळते, यावर तिची जैवसुसंगतता ठरते. किडलेल्या प्रौढ दातात मुळाचे टोक अरुंद असल्याने पेस्टचा बाहेरच्या पेशींशी फारसा संबंध येत नाही. पडून-आपटून दुखावलेले दात मात्र बहुतेकदा शाळकरी मुलांचे, वरच्या जबड्यातले पुढचे असतात. त्यांच्या मुळाचे टोक अनेकदा अजून उघडे असते आणि दाताला हाडात धरून ठेवणारे तंतू फाटलेले असतात. इथे पेस्ट थेट जखमेलाच भिडते. अशा मुलांचे दात एंडोडोंटिक्स (मूळनलिकेचे उपचार) आणि बालदंतचिकित्सा या दोन्ही विषयांच्या कक्षेत येतात.

जुनी आणि आजही वापरातली पेस्ट कॅल्शियम हायड्रॉक्साइडची. ती 1920 मध्ये बर्नहार्ड हर्मान यांनी दंतवैद्यकात आणली. पांढरी पूड सलाइनमध्ये कालवून नलिकेत सोडतात. तिचा सामू सुमारे 12.5 असतो. या तीव्र अल्कतेने जंतू मरतात आणि मूळ कुरतडणाऱ्या पेशी थंडावतात. पेस्टला लागून असलेल्या पेशींचा पातळ थर मात्र जळतो. म्हणून वेळ सांभाळावी लागते. समूळ निखळलेला दात परत बसवल्याबरोबर ही पेस्ट भरली, तर सावरू पाहणारे तंतू मरतात आणि दात हाडाला चिकटतो. आंतरराष्ट्रीय दंत-आघात संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मुळाची वाढ पूर्ण झालेल्या अशा दाताचा रूट कॅनाल दोन आठवड्यांच्या आत सुरू करावा आणि पेस्ट महिनाभरापर्यंत ठेवावी. पूर्वी ती उघड्या टोकाच्या दातात वर्षभरही राहू देत. आन्द्रेआसेन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मेंढ्यांच्या दातांवर दाखवले, की एवढ्या काळात मुळाची ताकद जवळपास निम्म्यावर येते. तेव्हापासून दीर्घ वापराबद्दलचा दृष्टिकोन बदलला, आणि ते योग्यच झाले.

उघडे टोक बंद करण्यासाठी आज एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट) हे सिमेंट वापरतात. महमूद तोराबिनेजाद यांनी कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात ते विकसित केले. 1993 मध्ये त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले.  एमटीएचा पाया बांधकामाचेच पोर्टलँड सिमेंट, फक्त ते शुद्ध केलेले आणि एक्स-रेत दिसावे म्हणून बिस्मथ ऑक्साइड मिसळलेले. गोणीतल्या सिमेंटमध्ये आर्सेनिक आणि जड धातूंचे अंश असू शकतात, म्हणून ते दातात चालत नाही. एमटीए ओलाव्यात, सुमारे पावणेतीन तासांत घट्ट होते. हे होताना सुटणारे कॅल्शियम ऊतींतील फॉस्फेटशी मिळून हाडासारखा खनिज थर बनवते आणि पेशी त्यावर चिकटून वाढतात. समोरच्या दातात त्याचा एक दोष मोठा ठरतो: बिस्मथमुळे दात काळपट पडतो. झिर्कोनियम ऑक्साइड घातलेल्या नव्या सिमेंटांत ही अडचण बरीच कमी आहे.

दाताच्या आतला मगज (जिवंत गाभा) पुन्हा वाढवण्याच्या उपचारात सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल आणि मिनोसायक्लिन यांची तिहेरी पेस्ट वापरतात. ती घट्ट कालवली तर जंतूंबरोबर मुळाच्या टोकाच्या मूलपेशीही मरतात, म्हणून ती फार पातळ ठेवावी लागते. मिनोसायक्लिनमुळेही दाताचा रंग जातो.

नवे द्रव्य आधी पेशींच्या संवर्धनात, मग उंदराच्या कातडीखाली आणि शेवटी प्रत्यक्ष दातात तपासतात. आयएसओ 7405 हे मानक त्यासाठीच आहे. काचेच्या बशीत रक्तप्रवाह नसतो, त्यामुळे तिथे कॅल्शियम हायड्रॉक्साइडही विषारी ठरते. म्हणून एकट्या त्या चाचणीवर निकाल देऊ नये.

पॅराफॉर्मल्डिहाइडच्या पेस्ट कोणत्याच कसोटीला उतरत नाहीत. खालच्या जबड्यात अशी पेस्ट मुळाबाहेर गेली, तर नस जळून ओठ कायमचा बधिर होऊ शकतो. दुधाच्या दातांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि आयोडोफॉर्मची पेस्ट भरतात. टोकाबाहेर गेली तरी शरीर ती शोषून घेते आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट मोकळी राहते.